गाळ, बांध आणि सातबारा

पावसाळ्यात रावेतच्या बंधाऱ्यावर गेलो की पवनेचे गढूळ पाणी दिसते. धरणातून नदीत सोडलेले पाणी इथेच उचलून पिंपरी-चिंचवडला दिले जाते. धरण किती भरले याची बातमी होते. पाण्यासोबत वाहून आलेली माती कोणाच्या शेतातली, कोणत्या उतारावरची, हे मात्र कोणी विचारत नाही. बंधाऱ्यातला गाळ कितीही काढा, वर माती सुटत राहिली तर तो पुन्हा येणारच.

नदीकडे खोऱ्यासकट पाहण्याची दृष्टी आपल्याला नवी नाही. जुलै १९४३ मध्ये दामोदरला महापूर आला, बांध फुटला, कलकत्त्याकडे जाणारे रेल्वेमार्ग तुटले. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असलेल्या बाबासाहेबांनी नुसत्या पूरनियंत्रणावर न थांबता सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करणाऱ्या योजनेचा आग्रह धरला. पुढे १९४८ च्या दामोदर खोरे महामंडळाच्या कायद्यात वनीकरण आणि मातीची धूप रोखणे हीही कामे आली. त्या धरणांनी आदिवासींच्या जमिनी बुडवल्या, हेही आपण लपवता कामा नये.

महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात लाखो हात बांधबंदिस्ती, नालाबांध, पाझर तलावांवर राबले. त्यांत आपले भूमिहीन आईबाप होते. माती त्यांनी अडवली. पण ती माती आणि मुरलेले पाणी ज्याच्या नावावर सातबारा, त्याचेच झाले. बांध घालणाऱ्याला मजुरी मिळाली, मालकी नाही.

आपल्याच पुणे जिल्ह्यात, पुरंदरच्या नायगावात, विलासराव साळुंखे यांनी त्या दुष्काळानंतर वेगळी वाट दाखवली. पाणी पंचायतीत पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर नाही, घरातल्या माणसांवर ठरला. भूमिहीनालाही वाटा मिळाला आणि उसाला मनाई झाली. पाण्याची वाटणी बदलता येते, हे तिथे सिद्ध झाले. जमिनीचा प्रश्न मात्र उरलाच.

तोच प्रश्न घेऊन दादासाहेब गायकवाडांनी १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला होता. पडीक जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्यातली मागणी होती. आज गाळमुक्तीच्या योजना येतात, तेव्हा आपण तीच मागणी नव्याने मांडली पाहिजे. उद्या हाकलले जाण्याची भीती असलेला माणूस गायरानावर ताल कशाला घालील, झाड कोणासाठी लावील? त्याच्या नावावर जमीन करा, मग तो पोटच्या पोरासारखी माती जपेल.

गाळ रावेतला दिसतो, पण त्याचा निकाल तलाठ्याच्या दप्तरात लागायचा आहे.

जय भीम!