आमवातातला ‘आम’, पेप्टाइडातला पाक

सकाळी मूठ वळत नाही, बोटं आखडलेली, सांधे सुजलेले. या दुखण्याला आपण आमवात म्हणतो. ‘माधवनिदाना’त त्याला स्वतंत्र अध्याय आहे. ‘आम’ म्हणजे कच्चं, न पचलेलं. पोट बिघडल्यावर पडते ती ‘आंव’ याच शब्दाची लेक. अर्धवट पचलेला रस सांध्यांत जाऊन साचतो, अशी ती जुनी कल्पना.

आता याच आजाराच्या संशोधनात वारंवार येणारा ‘न्यूरोपेप्टाइड’, म्हणजे मज्जातंतूंतून पाझरणारा रेणू, हा शब्द उकलू. ‘पेप्टाइड’ हे नाव एमिल फिशरने 1902 साली घडवलं, ते ग्रीक ‘पेप्टोस’ म्हणजे ‘पचलेलं’ यावरून. हा ग्रीक शब्द आणि संस्कृत ‘पच्’ एकाच कुळातले. रोगाच्या नावात कच्चं, रेणूच्या नावात पक्व! ‘न्यूरॉन’ही सोयराच. ग्रीकमध्ये त्याचा मूळ अर्थ कंडरा, धनुष्याची दोरी. संस्कृत ‘स्नायु’ त्याचा भाऊबंद. पुढे तिकडचा शब्द मज्जातंतूंकडे गेला, मराठीतला मांसपेशींकडे.

‘सबस्टन्स पी’ या न्यूरोपेप्टाइडाच्या नावातला ‘पी’ वेदनेचा, म्हणजे ‘पेन’चा, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. 1931 साली फॉन ऑयलर आणि गॅडम यांनी घोड्याच्या मेंदूतून व आतड्यातून काढलेल्या अर्काच्या भुकटीची ती नुसती खूण. सांध्यातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून हा रेणू पाझरला की मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात, रक्तवाहिन्या झिरपू लागतात. अस्तराच्या पेशी प्रोस्टाग्लँडिन आणि कोलॅजन कुरतडणारं विकर तयार करतात. सूज चढते.

उलट कामाचा रेणू म्हणजे ‘व्हीआयपी’. इथे बडी असामी कुणी नाही. ‘व्हॅसोअॅक्टिव्ह इंटेस्टिनल पेप्टाइड’चं हे लघुरूप. सईद आणि मुट यांना 1970 साली तो डुकराच्या आतड्यात सापडला आणि रक्तवाहिन्या रुंदावतो असं दिसलं, म्हणून हे नाव. पुढे कळलं, की तो प्रतिकारपेशींनाही आवरतो, टीएनएफसारखी दाह वाढवणारी द्रव्यं कमी करतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याने उंदरांच्या सांध्यांची सूज आणि हाडांची झीज रोखली.

नावं अशी सापडण्याच्या जागेवरून किंवा जुन्या तर्कावरून पडतात आणि कायमची चिकटतात. ती आवडीने उकलावीत. उपचार मात्र नावावरून ठरवू नयेत. ‘आम’ म्हटला म्हणून केवळ पोट साफ करत बसू नका. सांध्यांची सूज सहा आठवडे हटली नाही, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवाच.