दूर पल्ल्याच्या मोटारसायकलची चार्जिंग यंत्रणा : दोष बॅटरीचा की तिच्या मागच्या साखळीचा?

मनाली-लेह मार्गावरील सरचू येथे, चार हजार मीटरहून अधिक उंचीवर, मोटारसायकल रात्रभर थंडीत उभी राहते. सकाळी बटण दाबले की इंजिनाऐवजी रिलेची नुसती टक्-टक् ऐकू येते. दूर पल्ल्याच्या प्रवासाला निघणाऱ्या अनेक चालकांना हा प्रसंग परिचित आहे. त्याचे निदानही बहुतेकदा दोन शब्दांत उरकले जाते : बॅटरी गेली. पुढच्या मोठ्या गावी नवी बॅटरी बसते, गाडी सुरू होते आणि दोन-तीनशे किलोमीटरनंतर तीच टक्-टक् पुन्हा ऐकू येते. बॅटरी ही धान्याच्या कणगीसारखी असते. तिच्यात धान्य येणेच थांबले असेल तर कणगी बदलून काही साधत नाही. बिघाड कणगीत आहे, वाटेत आहे की शेतात, हे साध्या मल्टिमीटरने अर्ध्या तासात बरेचसे कळू शकते.

हे कळणे आज पूर्वीपेक्षा अधिक गरजेचे झाले आहे. जुन्या बुलेटच्या हेडलाइटच्या आवरणावर छोटा अँमीटर असे. ब्रेक दाबला की त्याची सुई उणे बाजूला झुके आणि वेग वाढला की अधिककडे सरके. चार्जिंग होते आहे की नाही, हे चालकाला नजरेनेच कळत असे. बॅटरी अगदीच मान टाकून बसली तरी किक होती आणि कार्ब्युरेटरला विजेची गरज नव्हती. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि पर्यटनासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारसायकलींवर फ्युएल इंजेक्शन सार्वत्रिक झाले. २०२१ मध्ये आलेल्या नव्या क्लासिक ३५० वरून किकही गेली. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल पुढे ढकलणारा पंप विजेवर चालतो. बॅटरी पूर्ण उतरली असेल तर उतारावर धक्का मारूनही इंजिन सहसा जागे होत नाही. शिवाय १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो, त्यामुळे विजेची मागणी दिवसाही कायम असते.

यंत्रणा तीन भागांची आहे. इंजिनाच्या आवरणाआड क्रँकच्या टोकाला चुंबके बसवलेले चक्र फिरते. त्याच्या आत तांब्याच्या तारेची वेटोळी स्थिर असतात. हा स्टेटर, गॅरेजच्या भाषेत ‘मॅग्नेट कॉइल’. त्यातून निघणारी वीज प्रत्यावर्ती, म्हणजे एसी असते आणि इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर तिचा दाब वाढत जातो. बहुतेक मोठ्या गाड्यांत ती तीन तारांनी बाहेर पडते. पुढे रेग्युलेटर-रेक्टिफायर हा पंखे कोरलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा तिचे डीसी विजेत रूपांतर करतो आणि दाब साधारण साडेचौदा व्होल्टच्या आत रोखून धरतो. तिसरा भाग बॅटरी. या तिघांना जोडणाऱ्या तारा, कपलर आणि अर्थिंगची टोके यांची गणना कोणी वेगळा भाग म्हणून करत नाही. मात्र प्रत्यक्षात पुष्कळ दोष तेथेच सापडतात.

तपासणीची सुरुवात बॅटरीपासूनच करावी. कारण बॅटरी निरोगी आणि भरलेली नसेल तर पुढची सर्व मापे दिशाभूल करतात. गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या दोन्ही टोकांना लावावा. लेड-ॲसिड बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली समजावी. १२.२ म्हणजे सुमारे निम्मी आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. चार्जरवर रात्रभर ठेवूनही दाब साडेदहाच्या आसपास अडकला असेल तर सहापैकी एक सेल मेला आहे, हे निश्चित मानण्यास हरकत नाही. लिथियम बॅटरीला ही कोष्टके लागू होत नाहीत. ती भरलेली असताना १३ व्होल्टच्या वर असते आणि १२.६ हा तिच्या बाबतीत चिंतेचा आकडा ठरतो.

दुसरे माप सेल्फ दाबताना घ्यावे. इंजिन फिरत असताना दाब दहा व्होल्टच्या आसपास टिकला पाहिजे. भरलेली बॅटरीही त्या क्षणी नऊच्या खाली कोसळत असेल तर तिची ताकद संपली आहे. थंडीत ही ताकद आणखी घटते, म्हणून मैदानी शहरात कशीबशी तग धरणारी बॅटरी डोंगरात पहिल्याच पहाटे हार मानते. अशा वेळी चार्जिंग यंत्रणा निर्दोषही असू शकते.

तिसरे माप निर्णायक असते. इंजिन चालू करून बॅटरीच्या टोकांवरच दाब पाहावा. मंद फेऱ्यांवर तो उभ्या गाडीच्या मापापेक्षा वर असावा आणि चार-पाच हजार फेऱ्यांवर १३.८ ते १४.५ व्होल्टच्या दरम्यान स्थिरावावा. नेमके आकडे गाडीच्या सर्व्हिस पुस्तिकेत असतात आणि अंतिम शब्द तिचाच. येथे तीन वाटा फुटतात. दाब योग्य असेल तर निर्मिती ठीक आहे आणि दोष बॅटरीत, जास्त भारात किंवा गाडी बंद असताना होणाऱ्या गळतीत शोधावा. दाब वाढतच नसेल, किंवा फेऱ्या वाढवल्यावर उलट घसरत असेल, तर स्टेटर, रेग्युलेटर आणि तारा संशयित ठरतात. दाब १५ च्या वर जात असेल तर नियंत्रण सुटले आहे.

मात्र हे माप थंड इंजिनावर घेऊन समाधान मानणे ही गॅरेजमधील सर्वाधिक आढळणारी चूक आहे. स्टेटरच्या तारेवरील वार्निशचा थर झिजलेला असेल तर थंड असताना तो तग धरतो; इंजिनाचे तेल तापले की आवरण फुटलेल्या जागी वीज शेजारच्या वेटोळ्यात किंवा इंजिनाच्या धातूत उतरते. रेग्युलेटरमधील अर्धवाहकांचेही तसेच. सकाळी १४.२ दाखवणारी गाडी अर्धा तास पळवून आणल्यावर १२.४ दाखवू शकते. ‘तपासले, काही सापडले नाही’ असे सांगून परत केलेल्या कित्येक गाड्यांचे रहस्य एवढेच असते.

दाब कमी आढळल्यास महागड्या भागांकडे वळण्यापूर्वी कपलर उघडावेत. स्टेटर आणि रेग्युलेटर यांच्यामधील कपलरमधून मोठा प्रवाह सतत वाहतो. पिन किंचित सैल झाली किंवा तिच्यात पाणी शिरले की रोध वाढतो, रोधामुळे उष्णता आणि उष्णतेमुळे आणखी रोध, असे हे चक्र प्लास्टिक तपकिरी होऊन वितळेपर्यंत चालते. कोकण-गोव्याच्या किनारपट्टीवर वावरणाऱ्या गाड्यांत तांब्यावर चढणारा हिरवट थर हा याच कथेचा आरंभ असतो. होंडाच्या जुन्या गोल्ड विंग गाड्यांच्या मालकांमध्ये तर तीन पिवळ्या तारांचा हा कपलर कापून तारा थेट झाळून जोडण्याचा प्रघातच पडला होता. त्यामागे कारणही तसेच होते. जीएल-१२०० पर्यंतच्या त्या गाड्यांत स्टेटर बदलण्यासाठी संपूर्ण इंजिन चौकटीतून उतरवावे लागे. १९८८ च्या जीएल-१५०० मध्ये अल्टरनेटर वेगळा, बाहेरून काढता येईल असा बसवण्यात आला.

डोळ्यांना न दिसणारा रोध शोधण्याची एक सोपी रीत आहे. इंजिन चार हजार फेऱ्यांवर, दिवे चालू. मीटरचे एक टोक रेग्युलेटरच्या धन तारेवर आणि दुसरे बॅटरीच्या धन टोकावर लावावे. वाट स्वच्छ असेल तर फरक ०.२ व्होल्टच्या आत राहतो. हेच माप रेग्युलेटरच्या ऋण तारेपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत घ्यावे. फरक अर्ध्या व्होल्टचा असेल तर तेवढी वीज वाटेतच तार तापवण्यात खर्च होते आहे. नवा रेग्युलेटर आणून ती वाचणार नाही. ही परीक्षा दोन मिनिटांची असूनही क्वचितच केली जाते.

वाट स्वच्छ निघाली तर स्टेटर तपासावा. इंजिन बंद करून त्याचा कपलर सोडवावा आणि मीटर ओहमवर ठेवून तीन तारांमधील रोध जोडीजोडीने मोजावा. तिन्ही मापे समान आणि सामान्यतः एक ओहमहून कमी असावीत. मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध आधी मोजून वजा केला नाही तर एवढ्या लहान आकड्यांत फसगत होते. नंतर प्रत्येक तार आणि इंजिनाचा उघडा धातू यांच्यात जोड आहे का ते पाहावे. जोड आढळला तर स्टेटर जळाला, पुढे काही तपासण्याची गरज नाही. या दोन्ही परीक्षा पार झाल्या तरी निर्णय मात्र चालत्या इंजिनावरच होतो. कपलर सुटा ठेवूनच इंजिन चालू करावे, मीटर एसी व्होल्टवर ठेवावा आणि तीन जोड्यांवरील दाब पाहावा. मंद फेऱ्यांवर तो बहुधा पंधरा-वीस व्होल्टच्या घरात असतो आणि पाच हजार फेऱ्यांवर पन्नासच्या वर जातो. आकड्यापेक्षा तिन्ही जोड्यांची समानता महत्त्वाची. एक जोडी मागे पडली तर वेटोळ्यात दोष आहे. या दाबाचा धक्का धोकादायक असू शकतो. त्यामुळे मीटरची टोके इंजिन बंद असताना पक्की अडकवावीत आणि चालू असताना उघड्या पिनांना हात लावू नये.

स्टेटर निर्दोष, तारा निर्दोष आणि तरीही बॅटरीवर दाब नाही, म्हणजे उरला रेग्युलेटर. मीटरच्या डायोड परीक्षेत त्याच्या प्रत्येक एसी पिनपासून धन व ऋण तारेकडे वीज एकाच दिशेने गेली पाहिजे. दोन्ही दिशांनी गेली किंवा कोणत्याच दिशेने गेली नाही, तर तो डायोड निकामी आहे. मात्र या परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या ठोकळ्यातही दाब नियंत्रित करणारा भाग बिघडलेला असू शकतो, म्हणून रेग्युलेटरचा दोष बहुतांशी इतरांना वगळूनच सिद्ध होतो. त्याचा शत्रू उष्णता आहे. प्रचलित शंट पद्धतीचा रेग्युलेटर जास्तीची वीज स्टेटरकडेच जमिनीवर घेऊन जिरवतो. त्यामुळे दिवे बंद ठेवले तरी स्टेटर आणि रेग्युलेटर यांना विश्रांती मिळत नाही. ‘जादा दिवे लावले म्हणून कॉइल जळाली’ हा लोकप्रिय समज या पद्धतीत फारसा टिकत नाही. सीरिज पद्धतीचा रेग्युलेटर गरज नसताना वाट तोडतो आणि दोघेही थंड राहतात. पद्धत कोणतीही असो, पंख्यांवर चिखल थापलेला असेल किंवा सामानाच्या पिशव्यांनी वारा अडवला असेल तर त्याचे आयुष्य घटते.

दाब १५ च्या वर जात असल्यास प्रथम रेग्युलेटरचे अर्थिंग आणि बॅटरीचा दाब ओळखणारी तार तपासावी. ती सैल असेल तर रेग्युलेटरला खोटा कमी दाब दिसतो आणि तो अधिक वीज सोडतो. दोन्ही ठीक असतील तर ठोकळा बदलावा. फुगलेली बॅटरी आणि तिचा उग्र वास ही या दोषाची चिन्हे आहेत. अशा बॅटरीतून हायड्रोजन निघतो. तिच्याजवळ ठिणगी नको.

निर्मिती ठीक असूनही बॅटरी उतरत असेल तर हिशेब मांडावा. उदाहरणादाखल पूर्ण क्षमतेस ३०० वॅट देणारी यंत्रणा घेऊ. पंप, इग्निशन व संगणक मिळून १०० आणि गाडीचे स्वतःचे दिवे ७० वॅट धरले. त्यावर ४० वॅटचे दोन जादा दिवे, ३५ वॅटचे तापणारे हँडल आणि १५ वॅटचा मोबाइल चार्जर लावला की तीनशे संपले. बॅटरीसाठी काही उरत नाही. घाटातील कोंडीत फेऱ्या मंद असताना तर रोजची तूट ठरलेली. गाडी उभी असतानाची गळती मोजण्यासाठी किल्ली काढून ऋण तार सोडवावी आणि मीटर अँपिअरवर ठेवून तिच्या व बॅटरीच्या मध्ये जोडावा. या स्थितीत सेल्फ चुकूनही दाबू नये, मीटरचा फ्यूज उडेल. काही मिलिअँपिअर स्वाभाविक आहेत. ५० मिलिअँपिअर ओढणारे ट्रॅकर दिवसाला १.२ अँपिअर-तास खाते, म्हणजे १४ अँपिअर-तासांची बॅटरी सहा दिवसांत अर्धी होते.

रस्त्यात पूर्वसूचना मिळतात, पण वेगळ्या वेशात. दाब घसरला की एबीएसचा दिवा पेटतो आणि शोध ब्रेकच्या सेन्सरमध्ये सुरू होतो. सेल्फ दाबताच घड्याळ शून्यावर येते. हँडलवर शंभर-दोनशे रुपयांचा छोटा व्होल्टमीटर बसवला तर जुन्या अँमीटरची उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. निर्मिती बंद पडल्याचे दिसताच जादा दिवे, तापणारे हँडल, चार्जर बंद करावेत आणि इंजिन मध्येच बंद करू नये. पंप व इग्निशन सुमारे ८ अँपिअर घेत असतील तर १२ अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी कागदावर दीड तास पुरते. प्रत्यक्षात दाब घसरल्याने पंप त्याआधीच थांबतो, म्हणून एका तासाच्या आत गाठता येईल असाच मुक्काम निवडावा.

जळालेला स्टेटर नवा मिळेपर्यंत मोटार वाइंडिंग करणाऱ्या कारागिराकडून भरून घेता येतो. तार मूळ जाडीची, वेढे तेवढेच आणि वार्निश गरम तेलात टिकणारे असावे, हे मात्र त्याला बजावून सांगावे. दुरुस्तीनंतर पूर्ण उतरलेली बॅटरी गाडीवरच भरू देऊ नये. ती आधी भिंतीवरील चार्जरने भरावी, अन्यथा नवा रेग्युलेटर पहिल्याच दिवशी सर्वाधिक भाराखाली येतो. त्यानंतर अर्धा तास गाडी चालवून, इंजिन गरम असतानाच, तिसरे माप पुन्हा घ्यावे.