निदान न झालेला मधुमेह : विषाणुसंसर्गातील छुपा धोका

रुग्णालयात दाखल होताना ‘मधुमेह आहे का?’ असा प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारला जातो. अनेक जण ‘नाही’ म्हणतात. त्यांपैकी काहींच्या बाबतीत ‘कधी तपासलेच नाही’ हे खरे उत्तर असते. या दोन उत्तरांमधील अंतर जिवावर बेतू शकते, हे कोविड-१९ च्या साथीने दाखवून दिले.

टाइप २ मधुमेह अनेक वर्षे कोणत्याही ठळक लक्षणांविना शरीरात राहू शकतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह असून, १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. ‘मी लठ्ठ नाही, मग मला मधुमेह कसा?’ हा समजही निदानाच्या आड येतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्या संशोधनातून, वरून सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या शरीरातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते, हे निदर्शनास आणले आहे.

संसर्गात नेमके काय घडते?

तीव्र संसर्गात शरीर कॉर्टिसॉल, ॲड्रेनलिन यांसारखी संप्रेरके मोठ्या प्रमाणात सोडते. त्यामुळे यकृतातून रक्तात साखर येते आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. निरोगी माणसाचे स्वादुपिंड अधिक इन्सुलिन तयार करून हा ताण पेलते. आधीच थकलेल्या स्वादुपिंडाला ते जमत नाही. साखर वाढली की रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे काम मंदावते, लघवीवाटे पाणी निघून जाते आणि काही रुग्णांच्या रक्तात आम्ल साठून ‘कीटोॲसिडोसिस’ ही जीवघेणी अवस्था उद्भवते.

चीनमधील वुहान येथे मधुमेहाचे पूर्वनिदान नसलेल्या ६०५ कोविड रुग्णांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. दाखल होताना ज्यांची उपाशीपोटीची साखर १२६ मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक होती, त्यांना २८ दिवसांत मृत्यू येण्याचा धोका साखर ११० पेक्षा कमी असलेल्यांच्या तुलनेत दुपटीहून अधिक आढळला.

जीवरक्षक औषधाची दुसरी बाजू

ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीने जून २०२० मध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा लाभ सिद्ध केला. प्राणवायूवर किंवा व्हेंटिलेटरवर असलेल्या रुग्णांचे मृत्यू त्यामुळे कमी झाले. मात्र, स्टेरॉइड रक्तातील साखर वाढवते. मधुमेह ठाऊक असलेल्या रुग्णाच्या साखरेवर नजर ठेवली जाते. ठाऊकच नसेल, तर वाढ उशिरा लक्षात येण्याची भीती असते. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रासह देशभर म्युकरमायकोसिसचा प्रादुर्भाव झाला. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा अनाठायी वापर ही त्यामागील प्रमुख कारणे मानली गेली. आपल्याला मधुमेह आहे, हे काही रुग्णांना या बुरशीच्या उपचारासाठी आल्यावरच प्रथम कळले.

जुना आजार की तात्पुरती वाढ?

दाखल असताना आढळलेली वाढीव साखर म्हणजे नेहमी मधुमेहच असे नाही. ती आजाराच्या ताणामुळे किंवा औषधामुळेही असू शकते. येथे ‘एचबीए१सी’ ही चाचणी उपयोगी पडते. ती मागील सुमारे तीन महिन्यांची सरासरी सांगते. तिचे प्रमाण ६.५ टक्के किंवा अधिक असल्यास मधुमेह संसर्गापूर्वीपासून असण्याची शक्यता मोठी असते. रक्तक्षय असल्यास किंवा नुकतेच रक्त दिलेले असल्यास मात्र या चाचणीचा निष्कर्ष फसवा ठरू शकतो.

उपचाराच्या दृष्टीने कारण कोणतेही असले तरी वाढलेली साखर आटोक्यात आणावीच लागते. अतिदक्षता विभागात ती साधारणतः १४० ते १८० मिलिग्रॅमच्या दरम्यान राखतात व त्यासाठी बहुधा इन्सुलिन देतात. एकदा इन्सुलिन सुरू झाले की ते जन्मभर घ्यावे लागते, हा समज चुकीचा आहे.

घरी गेल्यानंतर

अमेरिकेतील बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये कोविडसाठी दाखल असताना प्रथमच मधुमेहाचे निदान झालेल्या रुग्णांचा पुढे मागोवा घेण्यात आला. माहिती उपलब्ध असलेल्या ६४ जणांपैकी सुमारे ४० टक्के रुग्णांची साखर मधुमेहाच्या पातळीखाली आली. निम्म्याहून अधिक जणांचा मधुमेह मात्र कायम राहिला. म्हणूनच घरी सोडल्यावर डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीत फेरतपासणी करणे, तोपर्यंत स्वतःहून औषध बंद न करणे आणि डिस्चार्ज कार्डावरील साखरेची नोंद जपून ठेवणे आवश्यक ठरते.

कोविडची जागतिक आणीबाणी मे २०२३ मध्ये संपली. फ्लूसारखे विषाणुसंसर्ग मात्र दरवर्षी येतच राहतात आणि मधुमेहींमध्ये त्यांची गुंतागुंत अधिक आढळते. वयाची तिशी ओलांडलेल्यांनी, विशेषतः आई-वडिलांपैकी कोणाला मधुमेह असल्यास, ठरावीक काळाने रक्तातील साखर तपासून घ्यावी. रुग्णालयाच्या दारात विचारल्या जाणाऱ्या त्या प्रश्नाचे खरे उत्तर आधीच हाती असणे, हा उपचाराचाच पहिला भाग आहे.