भूषणाचे कवित्त: ३१ अक्षरांची शिस्त

इंदूर असो, बडोदा असो की बेळगाव, इंद्र आणि जंभासुरापासून सुरू होणारे भूषणाचे कवित्त ऐकले नाही असा मराठी माणूस विरळा. भाषा ब्रज, कवी कानपूरकडच्या तिकवांपूरचा. शिवजयंतीला आपण ते आवेशाने म्हणतो, आणि बहुतेक वेळा छंद मोडून म्हणतो.

छंद आहे मनहरण घनाक्षरी. चार चरण, प्रत्येकात ३१ अक्षरे. लघु-गुरूचा हिशेब नाही, फक्त शेवटचे अक्षर गुरू हवे. विराम ८, ८, ८ आणि ७ अक्षरांवर. आपण बोलताना शब्दाअखेरचा 'अ' गिळतो. इथे 'पर'चा 'पर्' झाला की आठाची सात होतात आणि पाऊल चुकते. शेवटच्या तुकड्यात मात्र सातच अक्षरे आहेत. परेडवाल्याला हे चटकन कळेल: आठव्या पावलाला 'थम' आहे. तिथे श्वास घ्या, पुढची ओळ आत ढकलू नका.

आता यमक. प्रत्येक चरणात पहिल्या तीन तुकड्यांत आतले यमक जुळते ते हरणाऱ्यांचे. जंभासुर, सहस्रबाहू, हत्ती, कंस असे सगळे पराभूत तिथे. चरणाच्या टोकाला यमक आहे 'राज' या शब्दाचे, आणि ती जागा जिंकणाऱ्यांची: रघुकुलाचा राजा राम, द्विजराज परशुराम, मृगराज सिंह, आणि चौथा शिवराज. अकरा उपमा झाल्यावरच हे नाव येते.

सैनिक म्हणून मी यात आधी लढाई शोधली. एकही किल्ला नाही, तारीख नाही, सरदाराचे नाव नाही. कारण 'शिवराजभूषण' हा अलंकारग्रंथ आहे. दोह्यात लक्षण, मग उदाहरण. हे कवित्त मालोपमेचे उदाहरण. याच्या आधारे मोहिमांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांशी माझे म्हणूनच पटत नाही.

पण ग्रंथ पुरा झाला १६७३ मध्ये आणि राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. रायगडावर सिंहासन मांडले जाण्याआधीच या कवीने शिवरायांना रामाच्या आणि परशुरामाच्या रांगेत, त्याच यमकाच्या जागी बसवले होते. इतिहासकाराने टिपायचे ते हे.