लाल त्रिकोणाचा अर्थ काय?

परवा नववीच्या वर्गात आम्ही लाल खडूने फळ्यावर एक त्रिकोण काढला. टोक खाली असलेला. त्याच्या शेजारी चार चेहरे काढले : आई, वडील, एक मुलगा, एक मुलगी. खाली एकही शब्द लिहिला नाही. “हे कशाचं चित्र आहे?” एवढेच विचारले.

एकजण म्हणाला, “वाहतुकीची खूण. समोरच्याला आधी वाट द्या.” दुसऱ्याला ते रेशनकार्ड वाटले. तिसऱ्याने तो त्रिकोण सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर पाहिला होता. आणि एका मुलीने विचारले, “दोन्ही मुलीच झाल्या तर? ते चित्रात का नाही?”

आम्ही ठरवलेला धडा तिथेच बाजूला राहिला. तासभर मुले बोलत होती. आपल्या पिढीने हे चित्र हजारदा पाहिले, पण त्यावर असे बोलणे क्वचितच झाले. म्हणून या चित्राचा इतिहास थोडा उलगडून पाहू.

भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये सुरू केला. मुंबईत र. धों. कर्वे यांनी त्याच्या तीस वर्षे आधी, १९२१ मध्येच, संततिनियमनाचे केंद्र काढले होते. पण आता प्रश्न एका शहराचा नव्हता, सबंध देशाचा होता. १९६१ च्या जनगणनेनुसार देशात साक्षरतेचे प्रमाण होते जेमतेम २८ टक्के. त्यात भाषा अनेक, लिप्या अनेक. मग संदेश पोचवायचा कसा?

यावर उत्तर म्हणून १९६० च्या दशकात लाल त्रिकोण पुढे आला. या प्रचारमोहिमेमागे कुटुंबनियोजन खात्यातील ‘दीप’ त्यागी या अधिकाऱ्यांची कल्पकता होती. खूण अशी हवी, की कोणत्याही गावच्या रंगाऱ्याला ती भिंतीवर सहज काढता यावी आणि दुरूनही ओळखू यावी. त्रिकोणाबरोबर चार हसरे चेहरे आले. ‘दो या तीन बस’ आणि पुढे ‘हम दो, हमारे दो’ या घोषणा आल्या. दवाखाने, बसगाड्या, भिंती, टपालाची तिकिटे, सगळीकडे हे चित्र पोचले. ओळख पटण्यापुरते पाहिले, तर ही मोहीम चांगलीच यशस्वी झाली.

पण चित्र ओळखणे आणि चित्राचा अर्थ लागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चित्रकाराच्या मनातला अर्थ असा होता : छोटे कुटुंब, सुखी कुटुंब. पाहणाऱ्याच्या मनात मात्र आधीच काही असते. ज्या घरात पाचातली दोन मुले दगावलेली असतात, त्या घरातल्या आईला दोनच मुलांचे चित्र निश्चिंतपणाचे वाटेल, की धोक्याचे?

याचे एक उदाहरण पंजाबात सापडते. १९५० च्या दशकात खन्ना भागातील गावांमध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने संततिनियमनाचा एक मोठा प्रयोग झाला. लोकांनी गोळ्या घेतल्या, पण अनेकांनी त्या वापरल्या नाहीत. घरी आलेल्या पाहुण्यांना नाही कसे म्हणायचे, म्हणून घेतल्या. महमूद ममदानी हे अभ्यासक १९७० मध्ये त्यांपैकी मनुपूर गावी गेले, तेव्हा एकाने गोळ्यांच्या डब्या एकावर एक रचून केलेली शोभेची मांडणी त्यांना दाखवली. दुसऱ्या एकाचे म्हणणे असे होते, की मुलगे जास्त झाले म्हणूनच आपले बरे चालले आहे. ते कमावतात, घरी पैसे आणतात. शहरातल्या माणसाला मूल म्हणजे खाणारे तोंड वाटत होते. शेतमजुराला ते काम करणारे हात वाटत होते.

चित्राखालचे शब्द बदलले, की अर्थही बदलतो. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या मदतीसाठी पत्रांवर पाच पैशांचे जादा तिकीट लावणे सक्तीचे झाले. घाईत नवे तिकीट कुठून आणणार? कुटुंबनियोजनाच्या प्रचलित तिकिटावरच ‘शरणार्थी सहायता’ असे शब्द छापले गेले. चित्र तेच. पण आता त्या कुटुंबाकडे पाहताना घर सोडून निघालेली माणसे आठवू लागली.

आणि मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८३ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. कित्येक ठिकाणी त्या सक्तीने, दबावाखाली केल्या गेल्या. काही राज्यांत शाळाशिक्षकांनाही ‘केसेस’ आणण्याचे उद्दिष्ट दिले गेले. ते पुरे न झाल्यास पगार अडवला गेला. शहा आयोगापुढे हे सारे आले. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचे विधेयकही संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही.

या काळात भिंतीवरचा त्रिकोण बदलला नव्हता. रंग तोच, टोक तसेच खाली. पण तो पाहून माणसे शेतात पळू लागली, तर त्याचा अर्थ कोणी बदलला? १९७७ मध्ये सरकार बदलले, ‘कुटुंबनियोजन’ जाऊन ‘कुटुंबकल्याण’ हे नाव आले. त्या पुढच्या वर्षी शस्त्रक्रियांची संख्या साडेनऊ लाखांच्या आसपास घसरली. गमावलेला विश्वास नाव बदलून लगेच परत येत नाही.

पुढे कुटुंबे लहान झालीच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशाचा एकूण जननदर, म्हणजे एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी, २.० वर आलेला दिसतो. यात मुलींच्या शिक्षणाचा आणि बालमृत्यू कमी होण्याचा वाटा मोठा आहे. मूल जगेल अशी खात्री वाटू लागली, तेव्हा ‘दोन पुरेत’ हे वाक्य लोकांना पटले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. चित्र काढणाऱ्याला बहुधा मुलगा-मुलगी समान असेच सुचवायचे होते. पण ‘दोन, आणि त्यातला एक मुलगा हवाच’ असेही ते वाचता येते. देशात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४५ होत्या, २००१ मध्ये ९२७ उरल्या. याचा दोष एका चित्राला देता येणार नाही. पण अनेक घरांनी ते कसे वाचले असेल, हे त्या मुलीने एका वाक्यात सांगितले.

आपल्या पाठ्यपुस्तकांत पानोपानी चित्रे असतात. वर्ग गप्प असला, की चित्र समजले असे आपण धरून चालतो. एखादे दिवशी मजकूर झाकून चित्र दाखवा. आधी विचारा, “काय दिसतं?” मग विचारा, “असं कशावरून वाटलं?” आणि शेवटी विचारा, “यात काय नाही?”

तिसरा प्रश्न आम्हाला सुचला नव्हता. तो त्या मुलीने शिकवला.