क्लिपलेस पेडल: मावळच्या पावसात टिकणारं कसं ओळखायचं आणि घरी सर्व्हिस कशी करायची?

पावसाळ्यात माउंटन बाइक घेऊन राजमाची, तिकोना किंवा पवना धरणाच्या बाजूला जाणारे लोक ब्रेक पॅड बघतात, चेनला तेल घालतात, टायरची हवा तपासतात. पेडलकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. ते फिरतंय ना, मग ठीक आहे! पण बूट लॉक होणारं क्लिपलेस पेडल बिघडलं की दोन गोष्टी होऊ शकतात. एकतर ऐन वेळी बूट सुटत नाही, नाहीतर पेडलची बॉडी अॅक्सलवरून निसटून बुटाबरोबरच बाहेर येते. दगडी उतारावर यातलं काहीही झालं तरी हाड मोडायला पुरेसं आहे. म्हणून हा लेख.

नाव 'क्लिपलेस', मग लॉक कसं होतं?

पूर्वी पेडलवर बूट अडकवायला पुढे पिंजरा आणि वरून पट्टा असायचा. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. तो गेला, म्हणून हे 'क्लिपलेस'. लुक या फ्रेंच कंपनीने १९८४ मध्ये स्कीच्या बाइंडिंगवरून रोड सायकलचं असं पेडल आणलं आणि १९८५ मध्ये बर्नार्ड इनो ते वापरून टूर द फ्रान्स जिंकला. १९९० मध्ये शिमानोने एसपीडी आणलं. त्यात दोन बोल्टची छोटी लोखंडी क्लीट बुटाच्या तळव्यात आत बसते, त्यामुळे चालता येतं. आपल्याकडे सायकल खांद्यावर घेऊन ओढा ओलांडावा लागतो, लोहगडाच्या पायथ्याला उतरून चालावं लागतं, तेव्हा हीच गोष्ट कामाला येते.

क्लीटचं टोक पुढच्या पक्क्या जबड्याखाली जातं आणि टाच दाबली की मागचा स्प्रिंगवाला जबडा 'खट्' करून बसतो. टाच बाहेर वळवली की सुटतो. एवढंच.

मावळात पेडल लवकर का खराब होतं?

लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तुंगार्लीहून उधेवाडीकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावर पाण्याचे लोट असतात, खाली नाणे मावळात भाताच्या चिखलणीचा गाळ रस्त्यावर आलेला असतो. पेडल सायकलच्या सगळ्यात खालच्या भागांपैकी एक, त्यामुळे ओढ्यात ते पार बुडतं. बारीक गाळ सीलमधून आत जातो, ग्रीसमध्ये मिसळतो आणि त्याची पॉलिश पेपरसारखी लेई होते. घरी आल्यावर हायवेच्या वॉशिंग सेंटरला प्रेशर गनने सायकल धुतली तर उरलेलं काम तिथे पूर्ण होतं. साध्या पाइपने आणि ब्रशने धुवा.

विकत घेताना क्वालिटी कशी ओळखायची?

१. *अॅक्सल:* क्रोमोली स्टील हवं. टायटॅनियमचं हलकं असतं, पण काही मॉडेलना रायडरच्या वजनाची मर्यादा असते. ती वाचून घ्या.

२. *बेअरिंग:* शिमानो पीडी-एम५२० सारख्या पेडलमध्ये सुटे छर्रे आणि कोन असतात. ते उघडून पुन्हा अॅडजस्ट करता येतात. क्रँकब्रदर्सच्या पेडलमध्ये एका बाजूला सीलबंद बेअरिंग आणि दुसऱ्या बाजूला बुश असतं. ते झिजलं की किट बदलायचं. दोन्ही पद्धती चांगल्या आहेत. फक्त दुकानदाराला 'याचे पार्ट मिळतात का?' हे आधी विचारा. नाही म्हणाला तर ते पेडल वापरा-आणि-फेका समजा.

३. *फिरणं:* बोटाने टिचकी मारल्यावर गरागरा फिरलं म्हणजे भारी, हा गैरसमज आहे. नवीन पेडल ग्रीस आणि सीलमुळे थोडं जड पण एकसारखं फिरायला हवं. मध्येच अडखळलं तर नको.

४. *जबडे:* दोन्ही बाजूंचे जबडे सरळ आहेत ना, स्प्रिंग सारखीच दाबली जाते ना, ते बघा. बॉडी आणि जबड्यामधून चिखल खाली पडायला मोकळी जागा हवी.

५. *आटे:* मोठ्या माणसांच्या बहुतेक सायकलींना ९/१६ इंचाचे, इंचाला २० आटे असतात. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. आटे स्वच्छ कापलेले हवेत.

पाच मिनिटांची तपासणी

क्रँक आडवा धरा. एका हाताने क्रँक, दुसऱ्याने पेडल पकडून वर-खाली हलवा. टकटक जाणवली तर बेअरिंग सैल आहे. मग पेडल अॅक्सलच्या दिशेने आत-बाहेर ओढा. इथे जराही सरकलं तर राइडला जाऊ नका. बॉडी निसटण्याची ही पहिली खूण असते. शेवटी एक बोट क्रँकवर ठेवून पेडल सावकाश फिरवा. खरखर बोटाला कळते, कानाला नंतर.

घरी सर्व्हिस (सुटे छर्रे असलेल्या शिमानो प्रकारासाठी)

लागणारं सामान: १५ मिमीचा पाना किंवा ६ अथवा ८ मिमीची अॅलन की, अॅक्सलच्या नटाचा मॉडेलप्रमाणे असलेला टूल, वॉटरप्रूफ ग्रीस, जुना ब्रश आणि चिंधी.

- आधी चेन मोठ्या चेनरिंगवर घ्या, म्हणजे हात सटकला तरी दाते लागणार नाहीत.
- पाना पेडलच्या वरच्या बाजूला उभा ठेवा आणि मागच्या चाकाकडे ढकला. दोन्ही बाजूंना पेडल असंच सुटतं. डावं-उजवं पाठ करायची गरज नाही.
- आता पेडलच्या बॉडीतून अॅक्सल काढा. इथे सावध: उजव्या पेडलमधल्या नटाचे आटे उलटे असतात. बऱ्याच नटांवर घट्ट करण्याच्या दिशेचा बाण असतो. उघडताना त्याच्या विरुद्ध फिरवा. काही मॉडेलमध्ये हा नट प्लॅस्टिकचा असतो, जोर केला तर फाटतो.
- बॉडीची आतली पोकळी पुसा. अॅक्सलवरचं काळं ग्रीस चिंधीने काढा.
- खरखर नसेल तर छर्रे उघडू नका. पोकळीत नवीन ग्रीस भरा आणि अॅक्सल परत आवळत न्या. आत दाब तयार होतो आणि नवीन ग्रीस जुन्याला बेअरिंगमधून बाहेर ढकलतं. आधी काळं, मग स्वच्छ ग्रीस दिसलं की झालं.
- हलत असेल तर अॅक्सलच्या टोकाचा लॉकनट सोडून कोन थोडासा आवळा आणि लॉकनट पुन्हा घट्ट करा. खेळ गेला पाहिजे, पण पेडल जड व्हायला नको. कोनवर खड्डे दिसले तर मात्र ग्रीसने काही होणार नाही, पूर्ण अॅक्सल युनिट बदला.
- क्रँकला बसवताना आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले तीन-चार फेरे हातानेच द्या. शिमानोचा टॉर्क ३५ ते ५५ न्यूटन-मीटर आहे.

गंज सोडवणारा स्प्रे बेअरिंगवर मारू नका, ग्रीस धुऊन निघतं. स्प्रिंग आणि जबड्यावर मात्र धुतल्यावर तेलाचा एक थेंब द्या.

बूट सुटत नसेल तर दोष बहुतेक वेळा क्लीटचा

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. क्लीटचा एक बोल्ट पडला तर टाच वळवल्यावर बूट फिरतो, क्लीट तिथेच राहते आणि पाय अडकतो. म्हणून बोल्ट ५ ते ६ न्यूटन-मीटरला आवळा आणि दर राइडच्या आधी ४ मिमीच्या अॅलनने तपासा. रस्त्यात असं झालंच तर ओढाताण न करता बुटाची पट्टी सोडून पाय बाहेर काढा.

क्लीटचं पुढचं टोक गोल झालं असेल तर ती बदला. क्रँकब्रदर्सची पितळी क्लीट शिमानोच्या लोखंडी क्लीटपेक्षा लवकर झिजते. आपल्या काळ्या कातळावर चालताना तर जास्तच. नवशिक्यांनी शिमानोची एसएच५६ क्लीट घ्यावी, ती एकापेक्षा जास्त दिशांना सुटते. पेडलवरचा ३ मिमीचा स्क्रू वजा खुणेकडे फिरवून ताण कमी ठेवा, आणि चारही बाजूंना सारखाच ठेवा.

किती दिवसांनी?

मी स्वतः पेडल वर्षातून दोनदा उघडतो: पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि दसऱ्याच्या सुमारास. मध्ये एखाद्या राइडला पेडल ओढ्यात बुडालं असेल तर त्याच आठवड्यात ग्रीस बदलतो. तुम्ही फक्त तळेगाव-वडगावच्या डांबरी रस्त्यावर चालवत असाल तर वर्षातून एकदा पुरेसं आहे. पण आत-बाहेर सरकणारं पेडल कुठल्याही महिन्यात वापरू नका. त्या रविवारची राइड बुडाली तरी चालेल.