सॉफ्टवेअरचे पोर्टिंग : आवश्यक कौशल्ये

एका कार्यप्रणालीसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर दुसऱ्या कार्यप्रणालीवर चालेल असे करणे, यास 'पोर्टिंग' म्हणतात. १९७३ मध्ये युनिक्स प्रणाली सी भाषेत नव्याने लिहिली गेली आणि हे काम सुकर झाले. मात्र केवळ सी येणे पुरेसे नाही. मूळ प्रोग्रामरने न सांगता गृहीत धरलेल्या गोष्टी ओळखता आल्या पाहिजेत.

'कोल्हापूर' हा शब्दच पाहावा. काना-मात्रा व हलन्त धरून युनिकोडमध्ये त्याची ९ चिन्हे होतात. सी भाषेच्या 'डब्ल्यूचार-टी' प्रकारात तो विंडोजवर १८ बाइट, लिनक्सवर ३६ बाइट व्यापतो. यूटीएफ-८ मध्ये २७. त्यामुळे 'एका चिन्हास दोन बाइट' या हिशेबाने विंडोजवर साठविलेली एखाद्या सहकारी संस्थेची सभासद यादी लिनक्सवर निरर्थक अक्षरांत उमटू शकते. युनिकोडपूर्व फॉन्टमधील मजकुराचे तर आधी रूपांतरच करावे लागते.

फाइलनावांतील इंग्रजी लहान-मोठी अक्षरे लिनक्स भिन्न मानते, हाही नेहमीचा अडथळा. खिडक्या व मेनू दाखविणारा भाग बहुधा नव्यानेच लिहावा लागतो. चाचणीसाठी मात्र खरी, जोडाक्षरांनी भरलेली मराठी नावेच वापरावीत.